इमर्जन्सीची उजळणी : आकडा पाठ करा, त्यामागचे कारणही पाठ करा

वैद्यकीय आणि नर्सिंगच्या परीक्षा तोंडावर आल्या आहेत. आपल्या वस्त्यांमधून घरातली पहिली डॉक्टर, पहिली नर्स होऊ पाहणारी अनेक मुले-मुली सध्या रात्री जागून अभ्यास करत आहेत. शंका विचारावी असे घरात कोणी नसते. म्हणून इमर्जन्सीच्या पेपरात हमखास गुण घालवणारे पाच मुद्दे आम्ही कारणांसह देत आहोत. कारण कळले की आकडा विसरत नाही. आणि हाच आकडा उद्या कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता लागणार आहे.

१. सीपीआर : प्रौढांमध्ये मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंमी, ३० दाबांमागे २ श्वास. लहान मुलात दोन वाचवणारे असतील तर १५ मागे २, कारण मुलांचे हृदय बहुधा प्राणवायू कमी पडून थांबते. शॉक फक्त व्हीएफ आणि नाडी नसलेल्या व्हीटीमध्ये द्यायचा. ईसीजीची रेषा सपाट असेल तर शॉकचा उपयोग नाही. तिथे दाब आणि अॅड्रेनॅलिन.

२. अॅनाफिलॅक्सिस : पहिले औषध अॅड्रेनॅलिन. प्रौढाला ०.५ मिग्रॅ, म्हणजे १:१००० चे अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. १:१०,००० हे द्रावण हृदय थांबल्यावर शिरेतून देण्यासाठी असते. इथली गल्लत परीक्षेत एक गुण घेते, वॉर्डात जीव घेऊ शकते. अॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन नंतर. त्यांच्यासाठी अॅड्रेनॅलिन थांबवायचे नाही.

३. भाजणे : पार्कलंड सूत्र म्हणजे ४ मिली × वजन × भाजलेली टक्केवारी. ६० किलोचा रुग्ण, ३० टक्के भाजलेला, तर २४ तासांत ७,२०० मिली. त्यातले निम्मे, ३,६०० मिली, पहिल्या ८ तासांत. हे ८ तास भाजल्यापासून मोजायचे, दाखल झाल्यापासून नव्हे. रुग्ण ३ तास उशिरा पोहोचला तर उरतात ५ तास, म्हणजे तासाला ७२० मिली. लांबच्या गावाहून येणाऱ्या रुग्णाला हाच हिशेब लागू होतो.

४. कीटकनाशकाची विषबाधा : ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये अॅट्रोपिन किती द्यायचे? बुबुळाकडे पाहून ठरवू नका. छातीतला घुरघुराट जाऊन फुप्फुसे कोरडी होईपर्यंत द्यायचे, कारण रुग्ण दगावतो तो श्वासामुळे. कपडे काढून अंग धुणे विसरू नका.

५. सर्पदंश आणि विंचूदंश : आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. मुलाला मोठ्यांइतकाच डोस, कारण सापाने सोडलेले विष वयानुसार कमी होत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त २० मिनिटे न हलवता ठेवा. गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाचा संशय धरा. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखते म्हणतो, पापण्या मिटू लागतात, दंशाची खूण दिसत नाही, तेव्हा मण्यार आठवा. विंचवासाठी प्राझोसिन, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हा उपचार कोकणातल्या रुग्णांवर काम करून पुढे आणला. आपल्याच मातीतला हा अभ्यास आहे.

उजळणी दोघांनी मिळून करा. एकाने आकडा सांगावा, दुसऱ्याने विचारावे, 'का?' उत्तर अडले की त्या पानावर परत जा. डोस आणि पद्धती काळानुसार बदलतात, त्यामुळे आपल्या अभ्यासक्रमातील ताजी आवृत्तीच प्रमाण माना.

परीक्षेला बसणाऱ्या सर्वांना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा.