रक्तात प्राणवायू, पेशीत घुसमट

पावसाने ओढ दिली की वऱ्हाडातली ज्वारी गुडघ्याएवढीच राहून कोमेजते. अशा दिवसांत जुनी माणसं गुराख्याला बजावतात, जनावर धांड्यात शिरू देऊ नको. खुंटलेल्या ज्वारीचे हिरवे पोंगे गायीला आवडतात. चार घास पोटात गेले की कधी कधी दहा-पंधरा मिनिटांतच ती थरथरू लागते, तोंड उघडं टाकून धापा टाकते आणि कोसळते. याला किराळ लागणं म्हणतात. पशुवैद्य गायीचा ओठ वर उचलून बघतात, तेव्हा हिरड्या निळ्या पडलेल्या नसतात, लालभडक असतात. शिरेतलं रक्तही तसंच. जनावर घुसमटून मरतंय आणि रक्तात मात्र प्राणवायू ठासून भरलेला!

हे कोडं सोडवायचं तर ज्वारीच्याच भाकरीमागोमाग पेशीत उतरावं लागतं.

भाकरीतल्या पिठाचं पोटात ग्लुकोज होतं आणि रक्तातून ते पेशीत पोचतं. तिथे आधी त्याचे दोन तुकडे होतात. या कामाला प्राणवायू लागत नाही, पण हाती येतात एटीपीचे फक्त दोन रेणू. एटीपी म्हणजे पेशीच्या बाजारात चालणारी सुटी नाणी. स्नायू आखडायचा असो की मेंदूला निरोप धाडायचा, पैसे याच नाण्यांत मोजावे लागतात. 1929 साली हार्वर्डमध्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव आणि सायरस फिस्क यांनी, आणि त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनी, स्नायूतून हा पदार्थ शोधून काढला. माणूस दिवसभरात जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं एटीपी वापरतो. अंगात मात्र एका वेळी मूठभरच असतं, त्यामुळे टांकसाळ क्षणभरही बंद ठेवता येत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यात एखादा गडी सगळा जोर एकवटतो, तेव्हा त्या पहिल्या टप्प्यावर थोडा वेळ निभतं. दिवस काढायला ते पुरत नाही.

मोठी कमाई पुढे, तंतुकणिकांमध्ये. ‘अन्न पेशीत जळतं’ असं शाळेत शिकवतात. ते अर्धंच खरं. चुलीतलं लाकूड जळतं तेव्हा सगळी ऊर्जा एकदम उष्णता होऊन जाते. पेशी असा उधळेपणा करत नाही. अन्नातले इलेक्ट्रॉन काढून ती हातोहात पुढे देते, जशा आग विझवताना विहिरीपासून बादल्या जातात. दर हस्तांतराला थोडी ऊर्जा सुटते आणि तिच्या जोरावर हायड्रोजनचे आयन पडद्यापलीकडे ढकलले जातात. तिकडे त्यांची गर्दी झाली की परत यायला एकच सोयीची वाट उरते, एटीपी घडवणाऱ्या प्रथिनातून. कोयनेचं पाणी जसं टर्बाइन फिरवतं तसं हे प्रथिन खरोखर गरागरा फिरतं. पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा अनेकांना ती पटली नव्हती. 1978 साली तिलाच नोबेल मिळालं. शेवटी एका ग्लुकोजमागे तीसेक एटीपी हाती लागतात. रांगेच्या टोकाला इलेक्ट्रॉन घ्यायला प्राणवायू उभा असतो. आपण श्वास घेतो तो मुख्यतः या शेवटच्या हातासाठी.

या रांगेत टोकाच्या अलीकडे सायटोक्रोम सी नावाचं छोटं प्रथिन आहे. ते वनस्पतींतही असतं हे दाखवून दिलं एका मराठी बाईंनी. कमला भागवत, पुढे कमला सोहोनी. दुर्गा भागवतांची धाकटी बहीण. बंगळुरूच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांना हे प्रथिन सापडलं आणि 1939 साली जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर त्यांना पीएचडी मिळाली. बटाट्याच्या कंदात आणि माणसाच्या काळजात श्वसनाची कळ एकाच घराण्याची निघाली.

गायीवर घाला पडतो तो सायटोक्रोम सीच्या पुढच्याच पायरीवर. ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचा पदार्थ असतो. तो एका थरातल्या पेशींत आणि त्याला फोडणारं विकर दुसऱ्या थरात, म्हणून झाड स्वतः सुखरूप राहतं. गायीने चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड सुटतं. प्राणवायूला इलेक्ट्रॉन देणाऱ्या प्रथिनातल्या लोहाला ते जाऊन बिलगतं. शेवटचा हात अडकला की मागच्या सगळ्या बादल्या थांबतात. रक्तातून आलेला प्राणवायू कुणी घेतच नाही, म्हणून शिरेतलं रक्तही लाल राहतं. मेंदू आणि हृदय आधी हात टेकतात.

पाण्याचा ताण पडलेल्या पिकात आणि कापणीनंतरच्या फुटव्यांत हे विष जास्त असतं. कणसं भरत आली की ते उतरतं, नीट वाळलेल्या कडब्याची तर फारशी भीती नसते. विषबाधा झालीच, तर पशुवैद्य सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. नायट्राइटमुळे रक्तातल्या थोड्या हिमोग्लोबिनचं रूप पालटतं आणि सायनाइड पेशी सोडून त्याला चिकटतं. थायोसल्फेट त्याला गंधक जोडून लघवीवाटे बाहेर काढतं. औषध वेळेवर पोचलं तर आडवी पडलेली गाय डोळ्यांदेखत उठून उभी राहते. तेव्हा दावं मात्र हातात घट्ट धरावं लागतं, कारण ती पुन्हा त्याच धांड्याकडे तोंड वळवते.