शब्दांचं लेणं

नाशिकला पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून वर आलं की तिसऱ्या लेण्यासमोर माणूस आपोआप थांबतो. समोरचा सगळा भार सहा दगडी गणांनी खांद्यावर तोललाय, पालखीच्या भोयांसारखा. व्हरांड्याच्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरं आहेत; गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या दानाचा तो लेख. ज्यांनी हे लेणं पाहिलेलं नाही, त्यांच्याही डोळ्यांसमोर एवढ्यानं काहीतरी उभं राहिलं असेल. एवढ्याच भांडवलावर जगभर एक खेळ चालतो आणि त्याला आता पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली आहेत.

त्याचं नाव मड. मल्टी-यूजर डन्जन या शब्दांची ती आद्याक्षरं. मराठीत सांगायचं तर अनेकांनी मिळून हिंडायचं भुयार. पडद्यावर चित्र नसतं, फक्त मजकूर. तुम्ही कुठे उभे आहात, वाटा कुठल्या दिशेला जातात, जमिनीवर काय पडलंय, हे चार-पाच ओळींत सांगितलेलं असतं. तुम्ही ‘उत्तर’ टाइप केलं की पुढच्या जागेचं वर्णन येतं. तेवढ्यात ओळ उमटते: अमुक पूर्वेकडून आला. तो अमुक म्हणजे त्याच क्षणी जगाच्या दुसऱ्या टोकाला कीबोर्डपुढे बसलेला खराखुरा माणूस.

मला हा खेळ सापडला तो २००० च्या सुमारास, कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत. टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट इतकं संथ, की एखादा फोटो वरून खाली उलगडेपर्यंत चहा संपायचा. मडचा मजकूर मात्र क्षणात यायचा. पहिल्याच संध्याकाळी मी एका अंधाऱ्या बोळात वाट चुकलो आणि कुणीतरी अनोळखी माणसानं मला कंदील दिला. त्याचा चेहरा, देश, वय काहीच कळलं नाही. तो कंदील मात्र मला आजही दिसतो, पितळी आणि काच तडकलेला. खेळातल्या मजकुरात पितळही नव्हतं आणि तडाही नव्हता. ते मी घातलं होतं.

या खेळाच्या टिकाऊपणाचं मर्म मला इथेच दिसतं. काढून दिलेलं चित्र जुनं होतं. दहा वर्षांपूर्वीचे भारी ग्राफिक्स आज खेळण्यातले वाटतात. वाचणाऱ्यानं मनात बांधलेली जागा तशी जुनी होत नाही. कीर्तनकार नुसत्या शब्दांनी लंका पेटवतो, तेव्हा मंडपातल्या प्रत्येकाची लंका वेगळी जळते आणि ती त्याच्याबरोबर घरी जाते.

या खेळाच्या पूर्वजाचा जन्मही एका खऱ्या गुहेतून झाला. विल क्राउदर हा अमेरिकी प्रोग्रामर गुहा धुंडाळणारा माणूस. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या नकाशांवर त्यानं काम केलं होतं. घटस्फोटानंतर, १९७५-७६ च्या सुमारास, आपल्या दोन मुलींसाठी त्यानं त्या गुहेचा शब्दांतला खेळ लिहिला. तो एकट्यानं खेळायचा होता. पुढे १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉनं अनेकांना एकाच वेळी हिंडता येईल असं जग बांधायला घेतलं आणि रिचर्ड बार्टलनं ते पूर्णत्वाला नेलं. १९९० च्या सुमारास कोपनहेगनच्या पाच विद्यार्थ्यांनी डिकूमड लिहिलं. कोड कुणीही न्यावा, बदलावा, फक्त त्यावर पैसे कमवू नयेत, ही त्यांची अट. धंद्याची वाटच बंद असल्यामुळे त्यातून उभी राहिलेली जगं हौसेवर चालली, आणि नफा नाही म्हणून कुणी ती बंद केली नाहीत. ‘एव्हरक्वेस्ट’ हा चित्रमय खेळ १९९९ मध्ये आला, तेव्हा डिकूशी त्याचं इतकं साम्य दिसलं की आपण तो कोड वापरलेला नाही असं त्याच्या निर्मात्यांना प्रतिज्ञापूर्वक लिहून द्यावं लागलं.

बार्टलनं १९९६ मध्ये खेळाडूंची पत्त्यांच्या चार रंगांत विभागणी केली. चौकटवाले खजिना जमवतात, इस्पिकवाले कोपरान्‌कोपरा खणून काढतात, बदामवाले गप्पांसाठी येतात आणि किलवरवाले दुसऱ्यांना झोडपायला. मला विचाराल तर मड आजवर जगवलं ते बदामवाल्यांनी. बॅटमड, डिस्कवर्ल्ड, आर्डवुल्फ ही नव्वदच्या दशकातली नावं अजून चालू आहेत. राक्षस मारून मारून कंटाळा येतो. रोज रात्री त्याच धर्मशाळेत भेटणाऱ्या माणसांचा येत नाही.

माझ्या ओळखीचा एक अंध तरुण हा खेळ खेळतो. त्याच्या शेजारी बसून मी ऐकलं. संगणक मजकूर इतक्या वेगानं वाचत होता की मला एक शब्द लागेना. तो मात्र त्यावर हसत होता, उत्तरं देत होता, बोटं थांबत नव्हती. चित्रांच्या खेळात शिरायला त्याला कुणाचे तरी डोळे उसने घ्यावे लागतात. इथे त्याचं काही अडत नाही. समोरच्या खेळाडूला तो अंध आहे हे कळतही नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानं सुरू केलं आणि ते फुकट मिळतं. अंध माणसाला इथे बरोबरीनं खेळता येतं, एवढ्या एका गोष्टीसाठी तरी हा खेळ जपण्यासारखा आहे.

मग मराठीत का नाही? जुनी सॉफ्टवेअरं रोमन अक्षरांपलीकडे काही ओळखत नव्हती, ही अडचण युनिकोडनं बरीचशी दूर केली. खरी गाठ व्याकरणाची आहे. इंग्रजीत आज्ञा क्रियापदानं सुरू होते, आपली त्यानं संपते: पणती उचल, दार उघड. शिवाय सामान्यरूप! ‘दिवा’ शोधणाऱ्या प्रोग्रामला ‘दिव्यात तेल घाल’ कसं समजणार? ‘खांब’ आणि ‘खांबावर’, ‘कोनाडा’ आणि ‘कोनाड्यातून’ ही एकाच वस्तूची रूपं आहेत, हे त्याला शिकवावं लागेल. काम किचकट आहे, पण आवाक्यातलं आहे, आणि ते करता करता शाळेत घोकलेली विभक्ती पहिल्यांदा खऱ्या अर्थानं कळेल.

जागांची तर आपल्याकडे कमतरताच नाही. पांडवलेण्यांच्या त्रिरश्मी डोंगरावरची चोवीस लेणी, हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्या, ब्रह्मगिरी, अंजनेरी, रामकुंडाकडे उतरणारे बोळ. प्रत्येक ठिकाणाला कथा आधीच चिकटलेली आहे. मी एक जागा लिहून पाहिली:

‘तुम्ही तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात आहात. भिंतीवरच्या अक्षरांवर बोट फिरवलं तर दगड गार लागतो. आत काळोख आहे आणि कुणीतरी कुजबुजतंय. कोनाड्यात एक पणती आहे, तेल थोडंच उरलंय. बाहेर पायऱ्या खाली उतरतात.’

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलामुलींपैकी कुणी प्रोग्रामची बाजू उचलणार असेल, तर वर्णनं लिहायला मी बसतो. चोविसातलं एक झालंय.