जॉबर म्हणजे काय?

गेल्या रविवारी शेजारचा मुलगा दोन पानांचा बायोडेटा घेऊन आला. "काका, तुम्ही आयुष्यभर हेच वाचलंत ना? जरा बघा." ठाण्याच्या एका कारखान्यात कार्मिक विभागात मी सव्वीस वर्षे काढली, तेव्हा त्याचे म्हणणे काही खोटे नव्हते. चष्मा लावला. वरच ध्येय : 'आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःची व कंपनीची प्रगती साधणे.' खाली कष्टाळू, प्रामाणिक, संघभावना वगैरे. शेवटी वडिलांचे नाव, धर्म, अविवाहित आणि छंद : वाचन. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा झालेला, अंबरनाथच्या वर्कशॉपमध्ये तीन वर्षे काम करणारा; त्या कामाची मात्र एकच ओळ.

"सकाळी गेल्यावर काय करतोस ते सांग."

मग तो खुलला. सीएनसी लेथवर एक जॉब संपवून दुसरा लावायचा म्हणजे जबडे बदला, टूल बदला, ऑफसेट घ्या, पहिला नग मायक्रोमीटरने तपासा. याला दोन तास लागत. याने पुढच्या जॉबची टूल्स आधीच मोजून रॅकवर मांडून ठेवायला सुरुवात केली. आता पन्नास मिनिटांत यंत्र सुरू होते.

"हे कुठे लिहिलंयस?"

"हे काय लिहायचं, काका? ते तर कामच आहे."

हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले होते. तेव्हा ऐकायला उशीर झाला होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुढची दोन-तीन वर्षे आमच्याकडे गिरणगावातून अर्जांचे गठ्ठे येत. पोस्टाबाहेर बसणाऱ्या लेखनिकाने लिहून दिलेले, शेवटी 'आपला आज्ञाधारक'. सही बदले, मजकूर तोच. एक गृहस्थ अर्ज द्यायला स्वतः आले होते. अर्जात कामाविषयी एवढेच : 'साचेखात्यात १४ वर्षे नोकरी. हुद्दा जॉबर.' साहेब म्हणाले, जॉबर म्हणजे मुकादम, माणसे हाकणारा. आपल्याला मेंटेनन्सला फिटर हवेत. मी अर्ज बाजूच्या गठ्ठ्यात टाकला.

वर्षभराने लालबागला ते भाजीच्या गाडीवर दिसले. त्यांनीच ओळखले. बोलता बोलता कळले, बिघडलेला साचा खोलायचा, दुरुस्त करायचा, जुळवून पुन्हा चालू करायचा, हेच लाइन जॉबरचे काम. "मग अर्जात का नाही लिहिलंत?" "लिहिणाऱ्यानं विचारलं नाही, साहेब. आणि ते तर आमचं कामच." विचारले तर मीही नव्हते. मेथीची जुडी पिशवीत टाकून ते पैसे घेईनात. मी बळेच ठेवले.

तेव्हा या मुलाचे ध्येय मी आधी खोडले. त्या जागी दोन तासांचे पन्नास मिनिटे आले. लिओनार्दो दा विंचीनेही १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुदोविको स्फोर्झासाठी असेच पत्र तयार केले होते. त्यात हलके पूल, तोफा, वेढ्याची साधने, आणि चित्रकला पार शेवटी! समोरच्याला काय हवे, हे ओळखूनच गडी लिहायला बसला होता.

अर्थात आता पुष्कळ ठिकाणी पहिला वाचक माणूस नसतो, संगणक असतो. दोन रकाने, रंगीत चौकटी यांत त्याचा गोंधळ होऊ शकतो. म्हणून साधी, सरळ मांडणी. जाहिरातीत 'सीएनसी टर्नर' म्हटले असेल आणि आपण तेच करत असू, तर नुसते 'ऑपरेटर' लिहू नये. धर्म, लग्न, आधार क्रमांक यांचे तिथे काही काम नाही.

एका जागी मात्र मी अडलो. मधले आठ महिने त्याने आधीच्या नोकरीत ढकलून दिले होते. पीएफच्या नोंदीत नोकरी धरल्या-सोडल्याच्या तारखा असतात, हे त्याच्या गावीही नव्हते. "तेव्हा बाबा आजारी होते, मी घरी होतो," तो हळूच म्हणाला. "मग तेच लिही. एका ओळीत." त्याने लिहिले, पण बराच वेळ पेन हातात धरून.

दोनाचे एक पान झाले. तळाशी 'छंद : वाचन' उरले होते.

"शेवटचं पुस्तक कुठलं वाचलंस?"

तो हसला आणि त्यावर स्वतःच रेघ मारली.