मुलांचे खेळ आणि खेळांचे वय

"मुलगा तासन्‌तास बंदुकीचा गेम खेळत बसतो; त्याला खेळू द्यावे की नाही?" हा प्रश्न हल्ली पांढुर्णा-सौंसर भागातील घरोघरी विचारला जातो. कापसाचे व संत्र्याचे भाव, मुलीचे लग्न, थोरल्याची नोकरी या जुन्या चिंतांच्या पंगतीत ही नवी चिंता येऊन बसली आहे. कोणी म्हणतात, असल्या खेळांनी मुले खुनशी होतात, ते मुळातूनच बंद करावेत. कोणी म्हणतात, आम्ही लहानपणी लाकडी तलवारी घेऊन लढलो, त्याने आमचे काय बिघडले? दोन्ही पक्षांत थोडेथोडे तथ्य आहे. परंतु दोघेही खेळ न पाहताच न्याय देतात. म्हणून आपल्या संस्थेच्या या महोत्सवी स्मरणिकेत सभासद बंधु-भगिनींसमोर या विषयाचा थोडा विस्ताराने विचार मांडावा, असे वाटले.

उदाहरणादाखल एकच प्रसिद्ध खेळ घेऊ. त्याचे नाव 'रेड डेड रिडेम्प्शन'. रॉकस्टार गेम्स या अमेरिकन कंपनीने तो २०१० साली काढला आणि दुसरा भाग २०१८ साली आणला. घोडेस्वार, रुंद काठाच्या टोप्या, कमरेला पिस्तूल, आगगाडीवरील दरोडे आणि उजाड माळराने, असा हा सारा थाट आहे. चित्रपटांत याच थाटाला 'वेस्टर्न' म्हणतात. आपल्याला तो अगदीच अनोळखी नाही. १९७५ साली आलेल्या 'शोले'ने हाच थाट रामनगरच्या खडकांत आणून बसवला, आणि त्यानंतर कित्येक वर्षे गावोगावची मुले गब्बर व ठाकूर होऊन खेळत राहिली.

आता या खेळाच्या आत काय आहे ते पाहू. दुसऱ्या भागाची कथा १८९९ सालची आहे. आर्थर मॉर्गन हा एका दरोडेखोर टोळीतला माणूस. टोळीतलाच एकजण सावकारी करतो आणि त्याच्या कर्जाची वसुली आर्थरकडे असते. एका आजारी, कर्जबाजारी शेतकऱ्याला तो मारहाण करतो. त्या शेतकऱ्याला क्षय असतो. मारताना तोच रोग आर्थरला जडतो आणि पुढे त्यातच त्याचा अंत ओढवतो. मरण समोर दिसू लागल्यावर आपण केलेल्या पापांचा हिशेब तो मांडू लागतो. उद्ध्वस्त केलेल्या त्या घरातील विधवेला व तिच्या मुलाला मदत करावी की नाही, हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. खेळात खेळणाऱ्याच्या अब्रूचीही मोजदाद ठेवलेली आहे. रस्त्यात भेटलेल्याला मदत केली तर ती वाढते, निरपराध्याला लुबाडले तर ती घटते आणि लोकांचे वागणेही त्याप्रमाणे बदलते.

सावकाराच्या वसुलीचा अर्थ विदर्भाला लागून राहणाऱ्या आपल्या लोकांना वेगळा सांगावा लागत नाही. वाल्या कोळ्याची गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकली आहे. आपल्याच मध्यप्रदेशात चंबळच्या दरोडेखोरांनी १९६० साली विनोबाजींपुढे आणि १९७२ साली जौरा येथे जयप्रकाशजींच्या उपस्थितीत शस्त्रे खाली ठेवली. वाईट मार्गाला लागलेला माणूस उशिरा का होईना, पण परत फिरू शकतो काय, हा प्रश्न मोठा आहे, आणि हा खेळ तोच प्रश्न गांभीर्याने विचारतो. तेव्हा "हा सारा कचरा आहे" असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

मग असा खेळ दहा-बारा वर्षांच्या मुलाला द्यावा काय? आमचे स्पष्ट मत असे की, देऊ नये.

याचे पहिले कारण असे की, वर सांगितलेला बोध मुलाच्या हाती लागतच नाही. मुख्य कथा संपवण्यास पन्नास-साठ तास लागतात, आणि तिचा अर्थ संवादांतून उलगडतो. हे संवाद इंग्रजीत आहेत, तेही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन खेड्यातील इंग्रजीत. मराठी किंवा हिंदी शाळेत शिकणारे आपले मूल ते सोडून देते आणि पुढच्या गोळीबाराकडे धावते. शेतकऱ्याला झालेली मारहाण त्याला दिसते, त्या मारहाणीचे फळ दिसत नाही. पश्चात्तापाची कथा कळण्यासाठी पश्चात्ताप म्हणजे काय हे थोडे तरी ठाऊक असावे लागते. ते वयानेच येते.

दुसरे कारण त्यातील दृश्यांचे. खेळात 'डेड आय' नावाची एक युक्ती आहे. ती वापरली की काळ मंदावतो आणि खेळणारा सावकाश नेम धरून एकामागून एक माणसे टिपतो. रक्त आहे, शिवीगाळ आहे, दारू आहे, पत्त्यांचा जुगार आहे, नग्नताही आहे. शिकार केलेल्या जनावराचे कातडे सोलण्याचे दृश्य जवळून दाखवले आहे. म्हणूनच अमेरिकेतील मानांकन मंडळाने त्यावर १७ वर्षांपुढील वयाचा आणि युरोपातील मंडळाने १८ चा शिक्का मारला आहे. ज्यांनी खेळ बनवला त्यांनीच तो मोठ्यांसाठी म्हणून विकला. मग आपण तो लहानांच्या हाती का द्यावा?

या शिक्क्यांविषयी थोडी माहिती देणे आवश्यक आहे, कारण बहुतेक पालकांचे लक्ष तिकडे जात नाही. चित्रपटासाठी आपल्याकडे प्रमाणपत्र मंडळ आहे. 'शोले'चाच शेवट मंडळाच्या सांगण्यावरून बदलावा लागला होता; मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो, पडद्यावर मात्र पोलीस येऊन त्याला ताब्यात घेतात. २०२४ पासून चित्रपटांच्या 'यूए' प्रमाणपत्रात ७, १३ व १६ वर्षे असे पोटभेदही झाले आहेत. व्हिडिओ गेमसाठी मात्र आपल्याकडे असे मंडळ नाही. अमेरिकेत अशी व्यवस्था १९९४ साली आणि युरोपात २००३ साली उभी राहिली. आपल्या मोबाईलवरील प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक गेमच्या नावाजवळ ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+ असा आकडा असतो. गेम बनवणाऱ्याने प्रश्नावलीला दिलेल्या उत्तरांवरून तो ठरतो. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'पालक नियंत्रण' हा भाग आहे. तेथे चार आकड्यांचा गुप्त क्रमांक घालून वयाची मर्यादा लावली, की त्यापुढचे गेम मुलाला तेथून उतरवून घेता येत नाहीत. हे काम पाच मिनिटांचे आहे. पूर्वी असल्या खेळांना महागडे यंत्र लागे, म्हणून ते शहरातील मोजक्या घरांपुरते राहत. २०२५ च्या डिसेंबरात 'रेड डेड रिडेम्प्शन'चा पहिला भाग मोबाईलवरही आला. तेव्हा "आमच्या घरी ते यंत्र नाही" ही आडकाठी आता उरलेली नाही.

येथे एक शंका येईल. असे खेळ खेळून मुले खरोखर हिंसक होतात काय? याबाबत विद्वानांत एकमत नाही आणि भीती वाढवून सांगणे योग्य नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२० साली म्हटले की, हिंसक खेळांचा संबंध ओरडणे, ढकलाढकली करणे अशा किरकोळ आक्रमकतेशी दिसतो. पण त्यावरून खऱ्या हिंसाचाराचा ठपका या खेळांवर ठेवण्याइतका पुरावा नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली ब्रिटनमधील १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असा संबंध आढळला नाही. उलटपक्षी खेळण्यावरचा ताबा सुटणे, अभ्यास, झोप व माणसे सोडून त्यातच बुडणे, याला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत स्थान दिले आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. यावरून एवढेच दिसते की, मूल उद्या खुनी होईल ही धास्ती नको. ते आज झोपत नाही, चिडते, जेवणाच्या पाटावर येत नाही, याची काळजी मात्र हवी.

"मग सरकारने बंदी घालावी" असे पुष्कळांना वाटते. बंदीचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. २०२० च्या सप्टेंबरात 'पबजी' हा खेळ देशात बंद झाला. मुले 'फ्री फायर'कडे वळली. २०२२ च्या फेब्रुवारीत तोही बंद झाला, तर त्याचाच दुसरा अवतार हाताशी होता. पबजी स्वतः २०२१ मध्ये नवे नाव घेऊन परत आला.

पांढुर्ण्याच्या माणसाला याचे नवल वाटू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव, अशी गोटमार होते. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. काही घरांनी तर आपली माणसे गमावली आहेत. प्रशासनाने जमावबंदीचे हुकूम काढून पाहिले, गोफणींना मनाई केली, दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. दगड पुन्हा नदीत आलेच. ज्या खेळात लोकांचे मन गुंतले आहे तो वरून आलेल्या हुकुमाने थांबत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. थांबतो तो घरातून. ज्या घरातील आईने "तू नदीवर जायचे नाहीस" असे निक्षून सांगितले आणि वडिलांनी त्या दिवशी मुलाला आपल्याजवळ ठेवले, त्या घरातील मुलाचे डोके शाबूत राहिले.

आणि त्याच दिवसाची दुसरी बाजू अशी की, आपल्या भागात तो तान्ह्या पोळ्याचाही दिवस असतो. आदल्या दिवशी मोठ्यांचा पोळा असतो. तेव्हा जित्या बैलांची शिंगे, कासरा आणि खूर यांच्याजवळ लहान मुलाला कोणी एकटे सोडत नाही. परंतु त्याला "तुझा सण नाही" असेही कोणी म्हणत नाही. त्याच्या हाती चाकांचा लाकडी बैल देतात. तो सजवून ते घरोघर जाते, बोजारा मागते आणि आनंदाने परत येते. सण एकच, पण त्याचे माप वयाप्रमाणे वेगळे. व्हिडिओ गेमच्या बाबतीत आपल्याला हवे असलेले सूत्र आपल्या पूर्वजांनी असे आधीच घालून ठेवले आहे. मुलाच्या हातून मोठ्यांचा गेम काढून घेताना त्याच्या वयाचा दुसरा खेळ आपण द्यायला हवा. हात रिकामा ठेवला तर तो पुन्हा तिकडेच वळेल.

कोणताही गेम मुलाला योग्य आहे की नाही हे ठरवण्यास इंग्रजी यावे लागत नाही. मुलाशेजारी अर्धा तास बसावे आणि पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत.

१. गेमवरील वयाचा आकडा मुलाच्या वयापेक्षा मोठा आहे काय? असल्यास तेथेच थांबावे. मूल सोळा-सतराचे आणि समजूतदार असेल, तरच पुढचा विचार करावा.

२. मारले जाणारे कोण आहेत? चेंडू-फुगे आहेत, राक्षस आहेत, की माणसे? आणि निरपराध्याला मारल्यास बक्षीस मिळते की शिक्षा?

३. जखमेचा काही परिणाम दाखवला आहे काय, की माणूस पडतो आणि नाहीसा होतो?

४. खेळ एकट्याचा आहे की अनोळखी लोकांशी बोलत खेळायचा आहे? पलीकडचा आवाज कोणाचा, हे घरात कोणालाच ठाऊक नसेल तर ती गोष्ट बंदुकीपेक्षा अधिक चिंतेची.

५. खेळात पैसे मागतात काय? वडिलांच्या खात्याला जोडलेला मोबाईल मुलाजवळ असेल तर हा प्रश्न आधी विचारावा.

६. "आता बंद कर" म्हटल्यावर मूल बंद करते काय? या एका प्रश्नाचे उत्तर इतर पाचांहून अधिक सांगून जाते.

आजी-आजोबांनाही यात मोठे काम आहे. मुलाला ओरडण्याऐवजी त्यालाच विचारावे, "काय रे बाळा, हा घोड्यावरचा माणूस कोण? तो त्या शेतकऱ्याला का मारतो? तू असतास तर काय केले असतेस?" मूल उत्तर देऊ लागले की खेळ एकट्याचा राहत नाही. उत्तर देता आले नाही, तर खेळ त्याच्या वयाचा नाही हे आपसूक कळते. आणि थोरला भाऊ वीस वर्षांचा असून असा गेम खेळत असेल, तर त्याने खुशाल खेळावा. फक्त धाकटा मांडीशी बसलेला असताना खेळू नये, एवढे त्याला प्रेमाने सांगावे.

आर्थर मॉर्गनची कथा कोठे पळून जात नाही. अठरा वर्षांचा झाल्यावर आपला मुलगा ती समजून घेईल आणि कदाचित सावकार, कर्ज व पश्चात्ताप यांवर आपल्याशीच दोन शब्द बोलेल. तोवर त्याच्या हाती लाकडी बैल असावा, बॅटबॉल असावा, त्याच्या वयाचा गेमही असावा, आणि संध्याकाळी अर्धा तास त्याच्याजवळ बसणारे घरातले कोणीतरी असावे. आपल्या संस्थेच्या प्रत्येक कुटुंबाने या महोत्सवी वर्षात एवढा अर्धा तास काढावा, हीच विनंती.