यकृताचे दुखणे, नसांचा भोग

लिव्हर सिरॉसिस म्हटले की पोटात साठलेले पाणी, पिवळे डोळे, रक्ताची उलटी हेच आठवते. पायांच्या मुंग्यांकडे कोण बघणार? तळवे भगभगतात, चप्पल कधी निसटली ते कळत नाही, असे रुग्णाने सांगितले तरी घरचे वयावर नाहीतर दारूवर बोट ठेवून मोकळे होतात.

दारूने नसा खराब होतात, हे खरेच. पण १९६७ मध्ये डायन आणि रॉजर विल्यम्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये यकृतविकाराच्या रुग्णांत नसांवरचे मायलिनचे आवरण झिजत असल्याचे मांडले. पुढे शेफील्डच्या थुलुवथ आणि ट्रायगर यांना दारूशी संबंध नसलेल्या यकृतविकारातही नसांचा बिघाड आढळला. म्हणजे न पिणाऱ्याची सुटका नाहीच.

कारणे अनेक आहेत. पित्त आतड्यात नीट उतरले नाही, तर ई जीवनसत्त्व शोषले जात नाही. हेपॅटायटिस सीमध्ये काही जणांच्या रक्तात क्रायोग्लोब्युलिन नावाची प्रथिने तयार होतात आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या सुजतात. शिवाय सिरॉसिसच्या सोबतीला अनेकदा मधुमेह असतोच. गंमत बी-१२ ची: आजारी यकृतातून ते रक्तात झिरपते, त्यामुळे कमतरता असूनही रिपोर्ट उत्तम दिसू शकतो!

खरी काळजी मात्र न दुखणाऱ्या नसेची. हृदय आणि आतड्यांचा कारभार पाहणारी व्हेगस नस गुपचूप निकामी होते. तपासणी साधी आहे. मिनिटाला ६ या गतीने खोल श्वास घ्यायला लावून ईसीजी काढतात. श्वास घेताना आणि सोडताना नाडीत १५ किंवा अधिक ठोक्यांचा फरक पडला तर ठीक. १० किंवा त्याहून कमी असेल तर बिघाड. वयानुसार हा फरक घटतो, तेवढे लक्षात ठेवायचे. शेफील्डच्याच गटाने १९९२ मध्ये दाखवले, की असा बिघाड असलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते. तरीही ही तपासणी सरसकट होत नाही.

उपचारातही पथ्ये आहेत. नसांच्या वेदनेवर एरवी सर्रास दिले जाणारे ड्युलोक्सेटिन सिरॉसिसमध्ये टाळतात. मेडिकलमधून परस्पर आणलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके मूत्रपिंडावर बेततात, रक्तस्रावही घडवतात. यकृत प्रत्यारोपणानंतर काहींच्या नसा सुधारतात. पण नवे यकृत टिकवण्यासाठी घ्यावे लागणारे टॅक्रोलिमस स्वतःही नसांना त्रास देऊ शकते, म्हणून हात थरथरू लागले की डॉक्टर आधी त्याची रक्तातली पातळी तपासतात.