आपला ८०८५, आपला बोर्ड – लेखांक ५ : हाताला जागा ठेवा

मागच्या आठवड्यात कीकॅडमध्ये आकृती पुरी झाली. त्यात ८०८५ प्रोसेसर, ८ केबीचा २७६४ ईप्रॉम, ८ केबीची ६२६४ रॅम, डीकोडर आणि पत्ता धरून ठेवणारा लॅच आहे. आता बोर्डाची खिडकी उघडली की सगळे भाग एका कोपऱ्यात ढीग होऊन पडलेले दिसतात आणि त्यांच्यामध्ये बारीक रेघांचा नुसता गुंता. नवखा माणूस इथे लगेच ट्रॅक ओढायला बसतो. थोडं थांबा. खरी डोकेफोड भाग मांडण्यात आहे. मांडणी जमली तर ट्रॅक आपोआप सरळ जातात.

बोर्ड केवढा करायचा, हा पहिला प्रश्न. बोर्ड बनवणाऱ्या बऱ्याच कारखान्यांचा स्वस्त दर १० बाय १० सेंमीपर्यंत असतो, आणि आपलं सर्किट ओढूनताणून तेवढ्यात बसतंही. पण आमच्या ढोकी गावात चिप जळली तर लातूर किंवा सोलापूर गाठावं लागतं. ८०८५सारखा जुना माल तिथेही मिळेलच असं नाही. मग पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड नाहीतर कुरिअरची वाट. तेव्हा आपला बोर्ड दुरुस्त करता आला पाहिजे, लहान दिसला नाही तरी चालेल. प्रत्येक चिप आयसी बेसवर, आणि दोन बेसमध्ये स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून चिप उचलता येईल एवढी फट. मी १०० बाय १६० मिमी, म्हणजे युरोकार्डचं रूढ माप घेतो. चार पैसे जास्त जातात, जाऊ देत.

आता लॅच. ८०८५च्या १२ ते १९ या पायांवर आधी पत्त्याचा खालचा भाग येतो आणि मग त्याच पायांवर डेटा. एएलई हा संकेत आला की लॅचने पत्ता पकडून ठेवायचा. पाठ्यपुस्तकांत यासाठी ७४एलएस३७३ दाखवतात, कॉलेजातले किटही त्यावरच चालतात. काम चोख करतो, पण त्याचे पाय बघा : २ नंबरला आउटपुट, ३ आणि ४ला इनपुट, ५ला परत आउटपुट. बोर्डावर आठ ट्रॅक आत आणि आठ बाहेर न्यायचे म्हटलं की एकमेकांना ओलांडावंच लागतं. ७४एलएस५७३ हेच काम करतो. मात्र त्याचे आठही इनपुट एका बाजूला, २ ते ९वर, आणि आउटपुट समोरच्या बाजूला, १२ ते १९वर. तो प्रोसेसर आणि मेमरीच्या मधोमध ठेवा, ट्रॅक शेतातल्या तासांसारखे समांतर जातील. आकृती काढताना दोन्ही सारखेच वाटतात. फरक कळतो तो इथे.

रॅमच्या बाबतीत आणखी एक मोकळीक आहे, जी फार कमी जण वापरतात. प्रोसेसरची डी० ओळ रॅमच्या डी०लाच जोडली पाहिजे असं नाही. ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने वाचणार, त्यामुळे आठ डेटा ओळी आपापसांत कशाही फिरवा; रॅमच्या पत्त्याच्या ओळींचंही तसंच. ट्रॅक अडला की ओळ बदलायची आणि आकृतीतही तशी दुरुस्ती करायची. ईप्रॉमला मात्र हा खेळ चालत नाही. त्यातला प्रोग्रॅम बाहेरच्या यंत्रावर भरलेला असतो, क्रम बदलला की सगळा गोंधळ.

वीजपुरवठ्याकडे येऊ. ८०८५चा ५ व्होल्टचा पाय ४० नंबरचा आणि ग्राउंडचा २०, म्हणजे चिपच्या तिरक्या दोन टोकांना. प्रत्येक चिपजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो पुरवठ्याच्या पायाला अगदी खेटून हवा आणि ग्राउंडकडे जाणारी वाट रुंद हवी. म्हणून ट्रॅक संपल्यावर दोन्ही बाजूंची उरलेली जागा तांब्याने भरून ग्राउंडला जोडा. संकेतांचे ट्रॅक ०.२५ मिमी पुरेत, पुरवठ्याचे १ मिमी ठेवा.

बोर्डावर ७८०५ रेग्युलेटर लावू नका. या जुन्या चिपांना अर्धा अँपिअर लागतो असं धरलं, तर १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर साडेतीन वॅट नुसती उष्णता होते. ढोकीच्या मे महिन्यात हीटसिंकशिवाय तो तग धरणार नाही. त्यापेक्षा मोबाइलचा ५ व्होल्टचा चांगला चार्जर बरा.

आणि आपल्याकडे लाईट जाते आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत येते, त्याचंही बघायला हवं. रिसेटच्या पायावर रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी असते. एवढ्याशा झटक्यात तो कपॅसिटर रिकामा होत नाही, मग रिसेट होत नाही आणि प्रोसेसर भलतीकडेच भरकटतो. रेझिस्टरला समांतर एक १एन४१४८ डायोड लावा, पट्टीची बाजू ५ व्होल्टकडे. पुरवठा पडला की कपॅसिटर त्याच वाटेने झटकन रिता होतो. दोन रुपयांचं काम आहे.

कारखान्याकडे न पाठवता बोर्ड घडवता येतो का, असं विचारणारे असतातच. येतो. शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२मध्ये फॅब लॅब सुरू झाली; अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी ती एक. अशा लॅबमध्ये छोटं मिलिंग यंत्र तांबं कोरून बोर्ड काढून देतं. पण त्या बोर्डाच्या भोकांना आतून तांब्याचा मुलामा नसतो, त्यामुळे दोन बाजू जोडायला प्रत्येक भोकात तार घालून वर-खाली सोल्डरिंग करावं लागतं. लहान सर्किटाला ते ठीक, आपल्या बोर्डाला ती कटकटच.

फाइल पाठवण्याआधी बोर्डाची मूळ मापातली प्रिंट काढा. झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज’ बंद करायला बजावून सांगा, नाहीतर कागद थोडा आक्रसून निघतो आणि ४० पायांच्या चिपचे शेवटचे पाय भोकांच्या बाहेर जातात. कागद थर्मोकोलवर ठेवून आयसी बेस, क्रिस्टल, चार्जरचा सॉकेट, सगळं प्रत्यक्ष टोचून बघा. सॉकेटचं तोंड बोर्डाच्या कडेबाहेर येतंय का, रिसेटचं बटण दाबताना बोट क्रिस्टलला लागतंय का, कपॅसिटर बेसखाली तर दबत नाही ना, हे पाहा. जे अडेल ते संगणकावर सरकवा आणि पुन्हा प्रिंट काढा. गर्बर आणि ड्रिलच्या फाइली पुढच्या आठवड्यात.