बांबू दारात, काडी परदेशाची

हेमलकशाच्या वाटेवर बांबूची बेटे पाहताना माझ्या मनात येते, आपल्या देवघरातल्या उदबत्तीची काडी वर्षानुवर्षे चीन-व्हिएतनामहून का यावी? सरकारने २०१९ साली उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले. २०२० साली बांबूवरील आयातशुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के केले. देशी कारखानदाराला आडोसा मिळाला. पण बांबू तोडणाऱ्याचे काय? याच गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क २००९ मध्ये मिळाला, बांबूच्या वाहतुकीचे परवाने मात्र २०११ मध्ये. तेव्हा कुठे ग्रामसभा बांबू विकू लागली आणि गावात पैसा आला. शुल्कवाढीच्या नऊ वर्षे आधीच! बंदरावर भिंत जरूर बांधा. पण आधी जंगलातला नाका उघडा.